मीटरभर अंजीर

काटेसाहेबांनी मीटरपट्टी पिशवीतल्या मातीवर टेकवली, उजवा गुडघा जमिनीला लावला, डावा डोळा मिटला आणि अंजिराच्या शेंड्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एखाद्या कच्च्या दिलाच्या झाडानं तिथल्या तिथे गुन्हा कबूल केला असता.

"कमी आहे," ते म्हणाले.

"कुठे कमी आहे?" बायकोनं विचारलं.

"इथे. शेंडा पट्टीच्या टोकापर्यंत पोचत नाही. चार मिलिमीटर."

"चार मिलिमीटर म्हणजे किती?"

"म्हणजे चार मिलिमीटर."

रोपं घेऊन आलेला माणूस हातगाडीचा दांडा धरून फाटकाशी उभा होता. त्यानं अंजिराकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही पाहिलं नाही. तो त्या पट्टीकडे पाहत होता. शिसवी लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या घातलेली, हाताळून हाताळून काळीभोर झालेली पट्टी.

"ही अजून आहे होय तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

"का नसावी?"

"नाही, सहज." मग तो बाईंकडे वळला. "बाई, पट्टी हीच आहे हे ठाऊक असतं, तर सेंटिमीटरभर उंच रोप आणलं असतं मी."

साहेब गुडघ्यावरून ताडकन उठले. या वयात ताडकन उठणं सोपं नसतं, पण संताप गुडघ्यांना विचारत नाही.

"ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मोजणारा कोण आहे ते बघून माप ठरवतात हे!"

हातगाडीवाल्यानं दांडा उचलला. "लिंबू, अंजीर दोन्ही ठेवा. रविवारी येतो, नको असेल ते परत नेतो," एवढं बोलून तो निघून गेला. त्याची हातगाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत साहेब तिच्याकडे बघत राहिले. आरोपी पळून जाणार नाही याची खात्री करून घ्यायची त्यांची जुनी सवय होती.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि दुकानदारांच्या तराजूचा काटा ते स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त वेळ न्याहाळत, म्हणून लोक त्यांना काटेसाहेब म्हणू लागले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी भाजीवालीसमोर ते उभे राहिले, की ती न मागता दोन मिरच्या जास्त टाकायची. त्या दोन मिरच्या ते परत काढून ठेवायचे. जास्त माप हेही चुकीचंच माप, असं त्यांचं म्हणणं होतं.

हातगाडीवाल्याचंही खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. तो आखूडशेठ. तीस वर्षांपूर्वी त्याचं बाजारात कापडाचं दुकान होतं. एका सोमवारी सकाळी काटेसाहेबांनी त्याच्या दुकानातली मीटरपट्टी आपल्या सरकारी पट्टीला लावून पाहिली, तर ती आखूड निघाली. किती आखूड निघाली, ते आता साहेबांना आठवत नव्हतं. आखूड निघाली, एवढं पक्कं आठवत होतं. खटला झाला, दंड झाला आणि 'या दुकानात मापात खोट आढळली' असा कागद दुकानाच्या दर्शनी भागात महिनाभर लावून ठेवण्याचा हुकूम झाला. कागद महिन्यानं निघाला, नाव मात्र चिकटलं. गिऱ्हाईक तुटलं, वर्षाच्या आत दुकान बंद झालं आणि शेठनं गावाबाहेर रोपवाटिका काढली. आता त्याच्याकडे रोप घ्यायला येणारी तरणी मंडळीही त्याला प्रेमानं आखूडशेठच म्हणत. त्यांना वाटे, माणूस बुटका आहे म्हणून नाव पडलं असेल. तो बुटका नव्हता, तरीही तसंच वाटे.

साहेबांना या सगळ्याचा अभिमान होता. "मी वेळीच कान धरला म्हणून माणूस मार्गाला लागला," असं ते चारचौघांत सांगत. रोपवाटिकेच्या दारावर 'प्रत्येक रोप पुरे एक मीटर' अशी पाटी होती. ती पाटी म्हणजे आपल्या सेवेचं चिरंतन स्मारक आहे, असं ते मानत. आणि आता त्या स्मारकालाच चार मिलिमीटरचा तडा गेला होता.

मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एका झाडाची जागा होती. एकाचीच. दोन झाडांमध्ये निदान दहा फूट अंतर हवं आणि अंगण नऊ फूट दोन इंच भरत होतं. साहेबांना लिंबू हवं होतं, बाईंना अंजीर. महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. शेवटी साहेबांनी एक तक्ता आखला. नऊ मुद्दे आणि प्रत्येकाला दहा गुण.

लिंबाला बारा महिने पानं, म्हणून सावलीचे गुण लिंबाला. अंजीर थंडीत सगळी पानं टाकून खराट्यासारखं उभं राहतं, त्यामुळे झाडलोटीचे गुणही लिंबाला. पण लिंबाला काटे, अंजिराला नाहीत. लिंबावर अळ्या पडतात. अंजिराचा चीक अंगाला खाजतो, पण लिंबाच्या काट्यानं रक्त येतं. लिंबू रोज लागतं. "पण लिंबू कुणी झाडाखाली उभं राहून खात नाही," बाई म्हणाल्या आणि 'आनंद' असा मुद्दा तक्त्यात घालायला लावला. साहेबांनी त्याला आधी हरकत घेतली, आनंद कशानं मोजायचा म्हणून. मग चांगुलपणानं अंजिराला नऊ दिले.

'पारदर्शकता' हा मुद्दा साहेबांनी स्वतः घातला. अंजिराचं फूल फळाच्या आत दडलेलं असतं, बाहेर दिसतच नाही. "जे झाड आपलं फूलसुद्धा उघड दाखवत नाही, त्याच्या मालावर कसा विश्वास ठेवायचा?" या मुद्द्यावर अंजिराला एकच गुण मिळाला.

एवढं करूनही बेरीज झाली ती पंचावन्न आणि पंचावन्न. साहेबांनी ती तीन वेळा करून पाहिली. दुसरा कुणी असता, तर चवथ्या वेळी ती हवी तशी आली असती. पण काटेसाहेबांचा प्रामाणिकपणा असा दांडगा होता, की तो त्यांच्याही कह्यात नव्हता. म्हणून ठरलं ते असं: दोन्ही रोपं आणायची, पाटीवर लिहिल्याप्रमाणे मोजायची आणि मापात न बसेल ते परत करायचं. दोन्ही बसली तर चिठ्ठी. बाईंनी हे मान्य केलं. मीटरभर म्हणजे मीटरभरच असणार, त्यात काय, असं त्यांना वाटलं.

लिंबू पट्टीच्या वर तीन सेंटिमीटर निघालं. अंजीर चार मिलिमीटर कमी.

बाईंनी गळ्यातली टेप काढली. त्यांचे शिवणाचे वर्ग होते आणि टेप त्यांच्या गळ्यात दागिन्यासारखी कायम असे. त्यांनी तिचं एक टोक मातीला लावलं आणि दुसरं शेंड्याशी धरलं.

"हे बघा. मीटर भरून वर चार."

"तुझी टेप कापडी आहे. ताणली असेल."

"ताणलेली टेप कमी दाखवते. जास्त दाखवत नाही."

साहेबांनी टेप बोटांनी चाचपली.

"मग आटली असेल. धुतली होतीस का कधी?"

"या टेपनं मी गावातल्या निम्म्या बायकांची मापं घेतली. एक कपडा कुणाच्या अंगात अडकला नाही, एक कुणाला ढगळ झाला नाही. आणि तुम्ही म्हणता आटली?"

"तुझी टेप खासगी आहे. ही पट्टी सरकारी आहे."

या वाक्यावर आजवर एकाही दुकानदाराला उत्तर सापडलं नव्हतं. बाईंनी टेप गळ्यात घातली. त्या आत गेल्या आणि शिवणयंत्र असं चालवायला लागल्या, की घरात मळणी चालू आहे असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दात घासत अंगणात आले आणि थबकले.

"अगं, अंजिराच्या पिशवीतली माती कुणी उकरली?"

"मांजर असेल," आतून आवाज आला.

"मांजर उकरलेली माती ओल्या फडक्यानं पुसून घेत नाही."

शिवणयंत्र थांबलं. बाई दारात आल्या. तर्जनीच्या नखात माती होती, ती त्यांनी लपवली नाही.

"बरं, मी उकरली. अर्धा बोट. काय कराल? दुकान बंद कराल माझं?"

साहेबांनी माती पूर्ववत केली, पिशवीच्या तोंडाला आडवा-उभा दोरा बांधला आणि गाठीवर लाल लाखेचं सील ठोकलं. सील त्यांच्याकडे अजून होतं. लाखही होती. माणूस निवृत्त होतो, लाख होत नाही.

"अहो, झाड आहे ते. दोन दिवसांत चार मिलिमीटर वाढेल."

"विक्रीच्या वेळी माप पूर्ण हवं. नंतर वाढलेलं कायद्यात धरत नाहीत. नाहीतर उद्या कुणीही पाव किलो बटाटे देईल आणि म्हणेल, पुरा, पुढच्या वर्षी चार किलो होतील."

तेव्हा बाई पायरीवर बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच काळजीचं लक्षण होतं.

"सात बदल्या झाल्या तुमच्या. सात घरं. प्रत्येक घरात तुमचं लिंबू डब्यात, का तर उपयोगाचं. एकदाच मी अंजीर लावलं, त्या तळ्याकाठच्या क्वार्टरमध्ये. तीन वर्षं वाढवलं. पहिली सात फळं धरली आणि तुमची बदली आली. हिरवी होती. तोडूनही नेता येईनात. मी काही बोलले का तेव्हा? तुमच्या खात्याला अर्ज केला का, की माझ्या अंजिराला महिनाभर मुदत द्या म्हणून?"

"तो सरकारी हुकूम होता."

"आणि हा?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे. लिंबू कमी निघालं असतं तर लिंबू परत केलं असतं मी."

हे खरं होतं आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्याचाच तर संताप येत होता. लबाड नवऱ्याशी भांडायला एक सोय असते, तो कधीतरी सापडतो. हा कधी सापडायचाच नाही.

"त्या आखूडशेठला माझ्यावर सूड उगवायचाय," साहेब पुढे म्हणाले. "तीस वर्षं दबा धरून बसला. कापडात मारायचं ते आता झाडात मारतो. सवय कुठे जाते?"

"चार मिलिमीटर अंजीर मारून तो काय बंगला बांधणार आहे?"

"प्रश्न बंगल्याचा नाही."

तिसऱ्या दिवसापर्यंत साहेबांच्या हातात पट्टी सारखी असायला लागली. नऊ वर्षं ती बैठकीच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर विसावली होती. आता तिला काम मिळालं होतं आणि साहेबांनाही. आधी त्यांनी पडद्याची दांडी मोजली. मीटरची म्हणून घेतलेली, आठ मिलिमीटर कमी. मग सुताराकडून करून घेतलेली स्वयंपाकघरातली फळी. मीटरची सांगितलेली, आठ मिलिमीटर कमी. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी कोरी लोखंडी पट्टी आणली, सरकारी शिक्क्याची. तीही आठ मिलिमीटर कमी.

साहेब खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्यात दुःखापेक्षा तेज जास्त होतं. आपण खुर्ची सोडल्यावर नऊ वर्षांत देश कुठल्या थराला गेला, याचा ढळढळीत पुरावा त्यांच्यासमोर पडला होता. त्यांनी कागद ओढला आणि खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला अर्ज लिहायला घेतला: 'संपूर्ण बाजारपेठेत संगनमताने प्रत्येक मीटरमागे आठ मिलिमीटरची घट करण्यात येत असल्याचे निदर्शनास आले असून...'

"काय लिहिताय?" बाईंनी चहा ठेवत विचारलं.

त्यांनी वाचून दाखवलं.

"म्हणजे दांडीवाला खोटा, सुतार खोटा, लोखंडी पट्टीचा कारखाना खोटा, मी खोटी, शेठ खोटा. आणि तुमची काठी तेवढी खरी?"

साहेबांनी थोडा विचार केला. "असं होऊ शकतं," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी सुताराला बोलावून घेतलं. मिस्त्री म्हणजे जेमतेम तिशीचा, कानावर पेन्सिल, कमरेला पोलादी टेप. साहेबांनी त्याला फळीसमोर उभं केलं आणि पट्टी लावून दाखवली.

"बोला मिस्त्री. मीटरचे पैसे घेतलेत ना?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. कमरेची टेप सर्रकन ओढून फळीवर धरली. "मीटर बरोबर आहे की, साहेब."

"तुमची टेप खासगी आहे."

"असेल. पण तुमची पट्टी बघू जरा."

पट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायला साहेब तयार नव्हते, पण पुराव्याला दार उघडं ठेवावं लागतं. मिस्त्रीनं ती टेबलावर आडवी ठेवली आणि शेजारी टेप अंथरली. आधी टोकाला टोक लावलं. आठ मिलिमीटरचा फरक. मग त्यानं टेप सरकवून पट्टीच्या दहाच्या रेघेपासून सुरू केली. दहा ते वीस जुळलं. वीस ते तीस जुळलं. थेट शंभरापर्यंत प्रत्येक रेघ रेघेला लागली, जुळ्या भावांसारखी.

"मधली पट्टी चोख आहे, साहेब. एकदम चोख. घोळ फक्त या सुरुवातीच्या टोकाला आहे." त्यानं पितळी टोपीवर नख वाजवलं. मग दुसऱ्या टोकाच्या टोपीवर वाजवलं. आवाज वेगळा आला. "ही टोपी नंतरची आहे. हिचं पितळ बघा, पिवळं. त्या बाजूचं तांबूस. जाड पण आहे. कुणी बदलली होती का कधी?"

चहा घेऊन जा, असं साहेब म्हणाले आणि मिस्त्रीनं चहा घेतला की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही.

टोपी बदलली होती. तीस वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी जीपमधून उतरताना पट्टी दगडावर पडली आणि एका टोकाची टोपी उडून गटारात गेली. खात्याला कळवलं असतं तर पट्टी तपासणीला जाऊन महिन्यानं परत आली असती, आणि सोमवारपासून बाजारातली मोहीम होती. सरकारी काम अडू नये म्हणून साहेबांनी शनिवारी तांबटाकडून नवी टोपी बसवून घेतली, आणि तीसुद्धा स्वतःच्या खिशातून. ही गोष्ट त्यांनी पुढे कितीतरी वेळा नव्या पोरांना सांगितली होती, कर्तव्यनिष्ठा कशाला म्हणतात याचं उदाहरण म्हणून. पुढच्याच महिन्यात खात्याला पोलादी पट्ट्या आल्या. जुन्या सगळ्या तपासणीशिवाय बाद झाल्या आणि ही त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली.

म्हणजे त्या टोपीनं काम केलं ते एकाच मोहिमेत. आणि त्या मोहिमेत बाकी सगळे तराजूवाले होते, मीटरपट्टीचा दुकानदार तो एकच.

साहेबांना संताप आला. आधी तांबटाचा, की अक्कल गहाण टाकून टोपी बसवली. मग जीपच्या ड्रायव्हरचा, की गाडी दगडाजवळ उभी केली. मग खात्याचा, की पट्ट्या न तपासता बाद केल्या. मग त्या न्यायाधीशाचा, ज्यानं सरकारी पट्टी म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही. एकेकाला ते मनातल्या मनात हजर करत गेले, झापत गेले आणि सोडत गेले. संध्याकाळपर्यंत रागवायला बाहेरचं कुणी शिल्लक राहिलं नाही. मग ते उठले आणि अंजिराच्या पिशवीवरचं सील स्वतःच्या हातानं तोडलं.

बाई दारात उभ्या होत्या. शिवणयंत्र दुपारपासूनच बंद होतं.

"आखूडशेठची पट्टी याच पट्टीनं तपासली होती ना?" त्यांनी विचारलं.

"त्यांना तसं म्हणू नकोस," साहेब म्हणाले.

त्यानंतर ते टेबलाशी बसले. लिहायला घेतलेला अर्ज फाडला आणि कोऱ्या कागदाखाली कार्बन घालून पंचनामा लिहिला. तपासलेली वस्तू: एक शिसवी मीटरपट्टी. दोष: आरंभीच्या टोकाची टोपी जाड असल्यामुळे लांबी आठ मिलिमीटर जास्त. दोषाचं कारण: सदर अधिकाऱ्याने तपासणीशिवाय केलेली दुरुस्ती. परिणाम: या शीर्षकाखाली त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी लिहिलं: एक कापडाचं दुकान. खाली सही केली आणि दोन पंचांसाठी दोन रेघा ओढल्या. पहिल्या रेघेवर बाईंनी सही केली. दुसरी मोकळी राहिली.

रविवारी शेठ यायच्या आत साहेबच रोपवाटिकेवर गेले. बरोबर बाई होत्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी होती.

शेठ नळीनं रोपांना पाणी देत होता. त्याच्या दाराच्या चौकटीवर पटाशीनं कोरलेली एक आडवी खूण होती. रोप विकायला बाहेर काढण्याआधी तो प्रत्येक रोप त्या खुणेशी उभं करी. खूण कोरून कोरून खोल झाली होती. साहेबांना ती आज पहिल्यांदा दिसली.

"लिंबू परत न्यायला या," साहेब एकदम म्हणाले. दुसरी कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळत नव्हतं. "मापात नाही ते. तीन सेंटिमीटर आठ मिलिमीटर जास्त आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"येतो की," शेठ म्हणाला. "अंजीर लावलं का, बाई?"

"काल लावलं. यांनीच खड्डा खणला. दोन फूट खोल हवा होता, दोन फूट मोजूनच खणला."

"कशानं मोजला?"

"माझ्या टेपनं," बाई म्हणाल्या.

शेठनं नळी खाली ठेवली आणि नळ बंद केला. साहेबांनी कागद पुढे केला. हात ओले होते म्हणून शेठनं ते आधी सदऱ्याला पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि कागद वाचायला घेतला. तो सावकाश वाचत होता. कार्बनची दुसरी प्रत साहेबांनी घडी घालून हातात धरली होती.

"ही दुसरी माझ्या फाटकावर लावणार आहे," ते म्हणाले. "दर्शनी भागात. महिनाभर. नियमच आहे तसा."

शेठ वाचत राहिला.

"पण मला एक सांगा," साहेबांचा आवाज आपोआप चढला, चौतीस वर्षांच्या सवयीनं. "तुमची पट्टी खरी होती. तुम्हाला ते ठाऊक होतं. मग त्याच दिवशी बोलला का नाहीत? एवढी मोठी गोष्ट! माणसानं बोलायला नको?"

"बोललो होतो, साहेब."

"कधी?"

"दुकानात. तुमच्या समोरच. तुम्ही लिहून पण घेतलं होतंत." शेठनं मान वर केली नाही. "'आरोपी उद्धट असून सरकारी मापावर संशय घेतो.' कोर्टात वाचून दाखवलं तेव्हा पाठ झालं मला ते."

मागे कुठल्याशा पिशवीतून पाणी ठिबकत होतं. बाई एका रोपाच्या पानावरची धूळ पदरानं पुसत राहिल्या. ते पान आधीच स्वच्छ होतं.

शेठनं खिशातून पेन काढलं. साहेबांना वाटलं, आता सही होईल. पण त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला, 'आठ' या आकड्यावर नीट एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'नऊ' लिहिलं.

"आठच आहे," साहेब म्हणाले. हे मात्र त्यांना गप्प राहून सोसवेना. "पोलादी टेपनं मोजलंय. मिस्त्री साक्षीला आहे."

"आज आठ असेल. तेव्हा नऊ होतं." शेठनं आता पहिल्यांदा त्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीकडे पाहिलं. "तीस वर्षांत एक झिजला असेल."

मग त्यानं दुसऱ्या रेघेवर सही केली. आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. कागद आणि पेन दोन्ही साहेबांपुढे धरले.

"खाडाखोड झालीय," तो म्हणाला. "शेजारी तुमची सही लागेल ना?"

पंचनाम्यातली खाडाखोड काटेसाहेबांनी उभ्या नोकरीत कधी चालवून घेतली नव्हती. त्यांनी पेन घेतलं, टेकवायला काही सापडेना म्हणून दाराच्या चौकटीवर, त्या कोरलेल्या खुणेवर कागद धरला, आणि 'नऊ'च्या शेजारी सही केली.